सतरा नंबरचा बिल्ला

दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे मला बाथरूमचं दार दिसत राहील. हसू नका. आधी ऐकून घ्या.

मी पोटासाठी कंप्युटरवर काम करतो आणि जीव लावतो तो बिल्ल्यांना. महायुद्धाच्या वेळी कारखान्यांच्या फाटकावरचे पहारेकरी छातीला पितळी बिल्ला लावत. पुण्याबाहेरच्या एका वार्निशच्या कारखान्याचे एक ते सोळा नंबर माझ्याकडे होते. त्या जागेवर आता काचेची इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर मीच बसतो. "मोडीत घाला, भाव बरा आहे," असं आमचे शेजारी कौतुकाने म्हणतात.

सतरावा बिल्ला कात्रजला गेनबा नावाच्या म्हाताऱ्याकडे आहे असं कळलं. यंदाच्या, म्हणजे दोन हजार तीनच्या, जूनमधल्या एका गुरुवारी दुपारी मी गेलो. गुरुवार म्हणजे वीज नाहीच. म्हातारा ओटीवर रस्त्याकडे पाठ करून बसला होता. तोंड घराच्या आतल्या खोलीकडे, आणि त्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी. सून मुक्ताबाई चहा ठेवायला गेली.

"बदली आली का?" म्हाताऱ्याने विचारलं.

आता त्या कारखान्याच्या फाटकाचं नियमांचं पुस्तकही माझ्या संग्रहात आहे. पाळी बदलताना नव्या माणसाने बिल्ला हातात घ्यायचा, नंबर म्हणायचा आणि 'चार्ज घेतला' म्हणायचं. त्याशिवाय जुन्याची सुटका नाही. मला शहाणपणा मिरवायची खाज फार. मी तळहात पुढे केला.

"नंबर सतरा. चार्ज घेतला."

बिल्ला माझ्या हातात पडला. तो गरम होता. चहा घेऊन आलेली मुक्ताबाई उंबऱ्यातच थांबली.

"असं कशाला बोलला वो तुम्ही..." ती पुटपुटली.

म्हातारा मात्र हलकं हलकं बोलायला लागला. "आग लागली तवा आत नऊ जण हुते. दार उघडायचं न्हाई, असा वरून हुकूम. म्या उघडलं न्हाई. तवापासनं दर गुरुवारी, दोनच्या ठोक्याला... कुठलंबी बंद दार चालतं त्यास्नी. आपल्याच माणसाच्या आवाजात हाका मारतील. उघडू नगा. एक जरी भायेर आला तर..."

पुढचं त्याने सांगितलं नाही. उठला, खाटेवर आडवा झाला. तिसऱ्या दिवशी गेला.

पुढच्या गुरुवारी दोनला मी घरी एकटा होतो. माझी पाळी अमेरिकेच्या वेळेची, संध्याकाळी सहाला ऑफिसची गाडी येते. बाथरूमच्या दारावर आतून थाप पडली. ओल्या राखेसारखा वास आला. मग सोनूचा आवाज. माझी मुलगी, सहा वर्षांची. "बाबा, दार उघडा ना..."

मी शाळेत फोन लावला. सोनू वर्गात होती. मी दार उघडलं नाही.

तेव्हापासून दर गुरुवारी मी दोनच्या आत घरातल्या सगळ्या दारांना बाहेरून कड्या घालायचो आणि हॉलमध्ये खुर्ची टाकून बसायचो. उत्कर्षाला, म्हणजे बायकोला, काही सांगितलं नाही. काय सांगणार?

परवाच्या गुरुवारी बिल्ला परत करायला कात्रजला गेलो. मुक्ताबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले. "आमच्या घरात आत्ता कुठं झोप लागतीया, दादा. न्या तुमचं तुम्ही."

परतताना उशीर झाला. दोनला दोन मिनिटं कमी असताना घरात शिरलो आणि धावतच कड्या घातल्या. बाथरूमच्या दारावर थापा सुरू झाल्या. "बाबा, आत अंधार आहे... बाबा, मी आहे..." सोनूचाच आवाज. या वेळी फोन केला नाही. कशाला करायचा? मला माहीत होतं ना. कानांवर हात ठेवून मी तीन तास बसलो, आणि खरं सांगतो, मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता.

पाचला उत्कर्षा आली. "सोनू कुठेय? शाळा लवकर सुटली म्हणून शेजारच्या सुहासिनीताईंनी त्यांच्याकडच्या किल्लीने तिला घरात सोडलं. पाय धुवून झोपते म्हणाली."

मी बाथरूमच्या कडीकडे पाहत राहिलो. उत्कर्षाने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि कडी काढली.

सोनू कोपऱ्यात उकिडवी बसली होती. मुठी लालभडक, आवाज पार बसलेला. मी तिच्यापुढे गुडघे टेकले. मी माझ्या लेकीला ओळखलं नव्हतं.

तिने माझ्या गालावर हात ठेवला. "रडू नका बाबा. आतले काका म्हणाले, तुझे बाबा ड्युटीवर आहेत, त्यांना उघडता येत नाही."

"किती... किती काका?"

तिने बोटांवर मोजले. "नऊ होते. आईने दार उघडलं ना, तेव्हा एक बाहेर गेले."

उत्कर्षाने मागे वळून पाहिलं.

"बाहेर कुठे जाणार?" ती हळूच म्हणाली. "आल्या आल्या मुख्य दाराची कडी मीच घातली. अजून तशीच आहे."