वर्जक काच

डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत डॉ. मृदुला खांबेटे यांनी दोन छायाचित्रे पडद्यावर शेजारी-शेजारी लावली. पहिल्यात पायथ्याच्या उंबरपाड्याचा उजेड आभाळभर सांडला होता. दुसऱ्यात पाडा नव्हताच. नुसते तारे होते.

"पाडा गेला कुठे?" त्यांचा सहकारी, अभियंता फिरोज तांबोळी याने विचारले.

"तिथेच आहे. आपण त्यांना एकरंगी दिवे दिले ना. साध्या दिव्याच्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात, ते गाळता येत नाहीत. हे दिवे एकाच तरंगलांबीचा पिवळा उजेड देतात, आणि माझी वर्जक काच नेमकी तेवढीच तरंगलांबी अडवते. बाकीचे सगळे आत येते."

"आणि काच काढायची झाली तर?"

"आपल्या सगळ्या कॅमेऱ्यांच्या, अगदी उडत्या कॅमेऱ्याच्याही, संवेदकावरच बसवली आहे. निघणार नाही."

पाड्याला राजी केले होते पाड्यातल्याच लहानू वारघडे याने. बाईंना तारे नीट दिसावेत म्हणून बासष्ट घरांनी आपले पांढरे दिवे परत केले आणि बॅटरीवर चालणारे हे पिवळे दिवे लावून घेतले.

तिसऱ्या वर्षी श्रावणात दरड कोसळली. ओढा तुंबला आणि संध्याकाळपासून पाणी पाड्यात चढू लागले. फोन बंद पडले. उष्णता टिपणारे कॅमेरे दुसऱ्या तालुक्यात अडकले होते, तेव्हा मृदुलाबाईंनी वेधशाळेचा उडता कॅमेरा आपणहून मदत केंद्राला दिला. फिरोजने तो अंधारात पाड्यावरून तीनदा फिरवला. पडदा काळाच राहिला.

"एक काडी पेटली तरी यात दिसते," मृदुलाबाई खात्रीने म्हणाल्या. "लोक वर निघून गेले असणार."

केंद्राकडे एकच बोट होती. ती दुसऱ्या गावाला पाठवली गेली.

उजाडल्यावर ती बोट मृदुलाबाई आणि फिरोजला घेऊन उंबरपाड्याला पोहोचली. शाळेची गच्ची अर्धी खचली होती. गच्चीवरची एकोणतीस माणसे गेली होती, काही पाण्यात वाहून, काही ढिगाऱ्याखाली. उरलेल्या कठड्याला ओळीने पिवळे दिवे बांधलेले होते आणि ते अजून जळत होते. फिरोजने मोबाइलवर त्यांचा फोटो काढला. मग उडता कॅमेरा त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर कठडा आला, दोरी आली, दिव्यांच्या जागी मात्र काळी भोके दिसली. त्याने दोन्ही चित्रे बाईंपुढे धरली. त्यांनी ती पाहिली आणि पडदा बंद केला.

लहानू भिंतीला टेकून बसला होता. शेजारी घोंगडीने डोक्यापर्यंत झाकलेली त्याची मुलगी होती.

"बाई, ते यंत्र तीनदा वरून गेलं," तो म्हणाला. "काड्या भिजलेल्या, जाळ होईना. मग घराघरातले दिवे काढून आणले. आमची सोनी म्हणत होती, बाबा, आणखी लावा, त्यांना दिसत नाय." त्याने कठड्याकडे पाहिले. "दिवे कमी पडले का, बाई?"

फिरोज मृदुलाबाईंकडे पाहत राहिला.

"हो," त्या म्हणाल्या. "कमी पडले."

लहानूने हळूहळू मान हलवली.

"नऊ घरातले आणायचे राहिले," तो म्हणाला. "चूक आमचीच झाली."