फरशीने मोजलेलं माणूस

काचेच्या पेटीत एक निरांजन तेवत होतं आणि त्याच्या शेजारी एक झुरळ मिशा हलवत फिरत होतं. नाशिकच्या वेशीबाहेर उभ्या राहणाऱ्या 'आम्रछाया' गृहसंकुलाच्या निवडकक्षात आलेल्या गिऱ्हाइकाला चहाच्या आधी हा प्रयोग दाखवत असत. अभियंता नेवासकर यांनी कळ दाबली. कसलाही आवाज झाला नाही. थोड्या वेळाने ज्योत बारीक झाली, निळसर पडली आणि विझली. झुरळ मात्र आणखी काही वेळ चालत राहिलं. मग काहीतरी विसरल्यासारखं मध्येच थांबलं आणि उताणं झालं.

"निरांजन विझवून दाखवायचं, ही विक्रीची कुठली तऱ्हा?" आक्का म्हणाल्या.

"आजी, तुम्ही झुरळ बघा ना."

"झुरळ मी चपलेनेही मारते. त्यासाठी नवं घर घ्यावं लागत नाही."

आक्का म्हणजे डॉ. हेमांगी आठल्ये यांच्या सासूबाई. मुलगा जहाजावर असल्यामुळे घर पाहायला सासू-सुनाच फिरत होत्या, आणि दोघींची या बाबतीत तक्रार नव्हती. नवं घर घेणारं माणूस घराची किंमत एका दमात कबूल करतं आणि नळाच्या तोटीवर तीन दिवस घासाघीस करतं. या दोघी तशाच. ओट्याचा जादा दगड, खिडकीची स्वतः पुसून घेणारी काच, चेहरा ओळखणारं दार अशी सगळी जादा निवड त्यांनी बोटावर मोजून नाकारली होती. उरल्या होत्या दोनच गोष्टी. बाहेरचा आवाज गिळणाऱ्या मौनभिंती, ज्या आक्कांनी शेजारपाजारचे दूरदर्शनसंच आठवून लगेच मान्य केल्या. आणि ही, वायुनिद्रा.

"नत्रवायू सोडता?" हेमांगीने विचारलं.

"सोडतो म्हणजे, आहे त्या हवेतला प्राणवायू गाळून घेतो. उरतो तो नत्रवायू. खोली रिकामी झाली, दार लागलं, की पंधरा मिनिटांनी तिची हवा झोपायला लागते. झोपलेल्या हवेत आग लागत नाही. झुरळ, वाळवी, बुरशी काही जगत नाही. पुस्तकं पिवळी पडत नाहीत."

"आणि माणूस?"

"माणूस आत असेल तर हवा झोपतच नाही, मॅडम."

हेमांगी भूलतज्ज्ञ होती. "माणसांना झोपवणं हा माझा रोजचा धंदा आहे, नेवासकर. त्यामुळे तुमचं हे नाव मला जरा जास्तच कळतं." ती आक्कांकडे वळली. "आक्का, दम कोंडल्यासारखं होतं ना, ते प्राणवायू कमी पडल्यामुळे होत नाही. कर्बवायू आत साचल्यामुळे होतं. या हवेत तो साचणारच नाही. श्वास नीट चालेल, घाबरं होणार नाही, आणि माणूस त्या झुरळासारखं मध्येच थांबेल."

आक्कांनी पेटीकडे परत एकदा पाहिलं.

"म्हणूनच स्पंदफरशी," नेवासकर घाईने म्हणाले. "हृदयाचा ठोका पडला की रक्त वर फेकलं जातं आणि शरीर कणभर खाली दाबलं जातं. बंदुकीला मागे धक्का बसतो तसं. आम्ही स्लॅबच्या पोटात ताणमापी तंतू घातलेत. स्लॅब केसाच्या हजाराव्या भागाइतका वाकला तरी त्यांना कळतं. त्यावरून खोलीत किती हृदयं आहेत, हे फरशी मोजते."

"कॅमेरा का नाही?"

"झोपायच्या खोलीत कॅमेरा कोणाला हवा असतो? आणि अंगाच्या उष्णतेवर विसंबावं, तर उन्हाळ्यात भिंतीच अंगापेक्षा गरम होतात. ठोका फसवत नाही."

हेमांगीने त्यांना तासभर धारेवर धरलं. हृदयात यंत्र बसवलेलं माणूस? मोजते. गाढ झोपलेलं? मोजते. जाड गादी, पलंग, खुर्ची? सगळ्याचे पाय शेवटी फरशीवरच टेकतात. मांजर? त्याचंही हृदयच आहे.

"म्हणजे सुटतं कोण?" तिने शेवटी विचारलं.

नेवासकर हसले. "हवेत तरंगणारं माणूस, मॅडम. ते अजून जन्मलेलं नाही."

हेमांगीही हसली. प्रश्न तिने कसून विचारले होते आणि उत्तरं बरोबर होती. तिचं समाधान झालं ते याच जागी.

वायुनिद्रा एकेकट्याने घेतली तर महाग पडत होती. दहा घरांनी मिळून घेतली तर बरीच सवलत होती आणि वर प्रत्येकाच्या छताला झोपाळ्याची पितळी कडी फुकट होती. फुकट म्हटल्यावर आक्का ते उताणं झुरळ विसरल्या. कड्या स्लॅब पडायच्या आधीच बसवायच्या होत्या, त्यामुळे घाई होती. सासू-सुनांनी आठवड्याभरात आणखी आठ घरं जमवली, स्वतःचं धरून नऊ झाली. दहावं मिळेना. शेवटी खालच्या, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलेली रेणुका सोनवणे सापडली. तिला सातवा महिना होता आणि नवरा दुबईला.

"मला बाई भीती वाटते, ताई," रेणुका म्हणाली. "हवा जायची म्हणजे काय?"

"मी डॉक्टर आहे ना? मी स्वतः सगळं विचारून घेतलंय," हेमांगी म्हणाली. "भीती वाटण्यासारखं काही असतं, तर मी घेतलं असतं का?"

रेणुकाने सही केली. सवलत मिळाली.

यंत्राने छापून काढलेली इमारत पाच महिन्यांत उभी राहिली. चौथ्या मजल्यावर आक्कांनी दूध उतू घालवलं आणि संसार लागला. वायूची नळी वरच्या मजल्यापासून खाली अशी एकेक मजला सुरू होणार होती. आठल्यांची सुरू झाली, आणि खरंच, स्वयंपाकघरातली रात्रीची खुडबूड बंद पडली. आक्का येणाऱ्याजाणाऱ्याला रिकामा ओटा दाखवत.

मग मागच्या खोलीत झुरळ निघालं.

मागची खोली मुलाची. तो जहाजावर, म्हणजे खोली बंद. तिथे तर चोवीस तास हवा झोपलेली हवी. आक्का तरातरा दारापाशी गेल्या. दाराबाहेरच्या फलकावर हिरवी अक्षरं होती: १ व्यक्ती. ठोके १३२.

आक्कांनी दार उघडलं. खोलीत कोणी नव्हतं.

हेमांगी इस्पितळातून आली तेव्हा फलकावर शून्य होतं. "यंत्र आहे, चुकतं," ती म्हणाली.

"मला न सांगताच या घरात नातवंड येऊन राहिलंय," आक्का म्हणाल्या. थट्टाच केली होती, पण दोघींपैकी कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. जेवणं आटोपली की कोणीतरी येई, दोन-अडीच तास राही आणि जाई. जायच्या आधी आकडा एकाएकी चढे, दीडशेच्या पुढे जाई आणि मग नाहीसा होई. आक्कांनी पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. एकदा त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "कोण आहे?" आणि स्वतःच्याच आवाजाला दचकल्या. मौनभिंतींमुळे घरात इतकी शांतता होती, की आपला प्रश्न कोणी ऐकला आणि मुद्दाम उत्तर दिलं नाही, असं वाटावं.

जिन्यात रेणुका भेटली. कडेवर चिऊ होती, जावळ काढलेली, तीन महिन्यांची.

"रात्रीबेरात्री रडते का गं?" आक्कांनी विचारलं. "आम्हाला काही ऐकू येत नाही म्हणून विचारते."

"छे. नव्या घरात काय झोपते, आक्का! जेवण झालं की खोलीत टाकते, दार लावते आणि मी बाहेर काम करत बसते. दुपारभर हूं नाही की चूं नाही."

गुरुवारी हेमांगीने सुट्टी घेतली आणि नेवासकरांना बोलावलं. ते दुपारी आले, कपाळाचा घाम पुसत. "खालचा मजला सुरू करून आलोय. तासभर झाला. आता तुमचं भूत बघू."

तिघं मागच्या खोलीच्या उघड्या दाराबाहेर उभे राहिले. फलकावर लिहिलं होतं: १ व्यक्ती. ठोके १२८.

"आत नको जाऊ या, नाहीतर आपलेच ठोके मोजेल," नेवासकर म्हणाले. त्यांनी हातातलं तपासणीयंत्र फलकाला जोडलं आणि बराच वेळ पाहिलं. "तंतू ठीक आहेत. मॅडम, फरशीवर खरंच एक हृदय टेकलेलं आहे."

"कुठे टेकलंय? दाखवा."

"बरोबर मध्यभागी."

मध्यभागी कोरी फरशी होती. दुपारच्या उन्हात चकचकत होती.

"मी असं करतो," नेवासकर खाली मान घालून म्हणाले, "हा एक ठोका मोजणीतून वगळायला सांगतो. खोली झोपेल, झुरळ जाईल, तुमची तक्रार संपेल."

"थांबा." हेमांगी फलकाजवळ सरकली. आकडा १४० झाला होता. पाहता पाहता १४८. "हे मोठ्या माणसाचं हृदय नाही. हे तान्हं मूल आहे. मी रोज बघते हे आकडे."

"हेमा, नको असं बोलूस," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी तिचा दंड धरला.

१४८ वरून आकडा थांबला. मग १३०. मग १०४.

"रोज जाताना वाढत जातो, म्हणालात ना आक्का?"

"वाढतच जातो. मग जातो."

"आज उतरतोय." हेमांगीचा आवाज बदलला. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी असा आकडा उतरायला लागला, की ती कोणाशी बोलत नसे, थेट हात घालत असे. "मूल जागं होताना ठोके वाढतात. असे उतरतात ते प्राणवायू तुटल्यावर. नेवासकर, या खोलीच्या मध्यावर खाली काय आहे?"

"खाली? खालच्यांचं छत."

"छताला?"

"कडी. झोपाळ्याची." नेवासकर म्हणाले. पुढचं ते स्वतःशीच बोलले. "स्लॅबला वरून दाबलं काय आणि खालून ओढलं काय, वाकतो तो खालीच."

"ती मुलीला झोळीत झोपवते," हेमांगी म्हणाली. "कडीला साडी बांधून. ते वजन आपली फरशी मोजतेय. मग तिची फरशी काय मोजतेय?"

उत्तर द्यायला नेवासकर थांबले नाहीत. रेणुकाच्या खोलीत, रेणुकाच्या फरशीच्या हिशोबाने, कोणीही नव्हतं. दार लावलेलं होतं. आणि नळी त्यांनी स्वतःच्या हाताने उघडली होती.

दोघं जिन्याकडे धावले. यंत्र फलकालाच लोंबत राहिलं.

आक्का एकट्या उरल्या. आकडा ९० होता. त्यांना ओरडावंसं वाटलं, पण ओरडून खाली काही पोहोचणार नव्हतं. भिंती त्यांनीच निवडल्या होत्या. खाली रेणुका तसल्याच भिंतींच्या आड, दाराच्या दुसऱ्या बाजूला, निवांत काम करत बसली असेल. मूल रडलं नसेलच. श्वास नीट चालतो, घाबरं होत नाही, हे त्यांनी निवडकक्षात ऐकलं होतं आणि त्यानंतर फुकट कडीचा विचार केला होता.

८२. ७६. पायऱ्या किती असतात दोन मजल्यांमध्ये? दार कोण उघडेल? ७०. ६१.

मग फलकावर शून्य आलं.

आक्का त्या शून्याकडे पाहत राहिल्या. झोळीतून मूल उचललं तरी शून्यच येणार होतं, आणि न उचलता यायचं तेही शून्यच. फरशीला दोन्ही सारखंच.

"खोली रिकामी आहे," घर मंजुळ आवाजात म्हणालं. "दार लावत आहे." लोंबणाऱ्या यंत्रावर एक ओळ उमटली: तक्रार निकाली.

दार सरकायला लागलं, तसा आक्कांनी त्यात पाय घातला. दार थबकलं. त्या आत गेल्या, खोलीच्या मध्यावर गेल्या आणि जिथे कोणी नव्हतं तिथे गुडघे मोडून फरशीवर बसल्या. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. ती जागा घराला रिकामी म्हणू द्यायची नव्हती, एवढंच. पलंगाच्या उशाशी दुसरा फलक होता. त्यावर आलं: १ व्यक्ती. ठोके ११६. हे त्यांचे स्वतःचे.

तळहात फरशीवर टेकवून त्या वाट पाहत राहिल्या. फरशी थंड होती. तिच्याखाली काय चाललंय, ते तळहाताला कळत नव्हतं.

बाहेरचं दार आपटलं. पावलं धावत आली. "आक्का, माझी बॅग, श्वासाच्या नळीची," हेमांगीचा आवाज आला, आणि तिच्यामागे रेणुकाचं काहीतरी तुटक, ज्याला शब्द नव्हते. मूल मात्र रडत नव्हतं. बॅग त्याच खोलीच्या कपाटात होती; कपाटाचं दार उघडलं, पिशवीची चेन ओढली गेली, पलंगाच्या कडेला काहीतरी अलगद ठेवलं गेलं. हे सगळं आक्कांच्या पाठीमागे. त्यांना वळवेना. त्या फलकाकडेच पाहत राहिल्या.

दुसरी ओळ उमटली: १३८. हेमांगी, धावून आलेली. तिसरी: १४४. रेणुका असावी. उंबऱ्यातच तिने बसकण मारली होती. नेवासकर नळी बंद करायला खालीच राहिले असावेत.

मग काही नाही. लहान ठोका मोठ्यांच्या गर्दीतून निवडायला फरशीला जरा वेळ लागतो, असं नेवासकर म्हणाले होते का? की हे आपणच आता रचलं? पाठीमागे रबराचा फुगा दाबल्याचा आवाज येत होता, पुन्हा, आणि पुन्हा.

"चल गं," हेमांगी म्हणत होती. "चल गं माझी बाई."

फलकावर चौथी ओळ आली. ६८. ती लगेच गेली.

परत आली. ८०. आता ती गेली नाही. ९४. ११०. फुग्याचा आवाज थांबला आणि त्या जागी एक बारीक, चिडका, ओला आवाज सुरू झाला.

तेव्हा कुठे आक्कांनी मागे वळून पाहिलं.