सोनसाखळी घोरते

‘सोनसाखळी’ घोरते, ही गोष्ट तांडेल कुटुंबाच्या ध्यानात यायला बऱ्याच रात्री जाव्या लागल्या. तोवर ते एकमेकांवर आळ घेत होते. आई म्हणायची, आजा घोरतो. आजा म्हणायचा, “मी रातभर जागा हाय. जागा माणूस घोरंल कसा?” अकरा वर्षांच्या जुईलीला दोघांचाही संशय होता. शेवटी एका संध्याकाळी तिघंही टक्क जागे, तोंडं मिटून बसलेले असताना तळाच्या फळीखालून आवाज आला. गुर्रर्र. मग टक-टक-टक-टक. मग पुन्हा गुर्रर्र, आणि त्याला थोड्या अंतरावरून तसंच उत्तर.

“बघा,” आजा म्हणाला. “मी नाय.”

सोनसाखळी म्हणजे तांडेलांची मासेमारीची होडी. हा काळ असा, की करंजवडी गावाची वाळूची पुळण समुद्रानं कधीच गिळून टाकली होती. पूर्वी पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, की होड्या पुळणीवर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवत. आता पुळणच उरली नव्हती, म्हणून होड्या पावसाळाभर खाडीत धक्क्याला बांधलेल्या. मोठ्या भरतीला तांडेलांच्या घरातही पाणी शिरायचं, म्हणून तांडेलही होडीतच. समुद्र वाढणार हे सगळ्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. त्यावर बैठकाही पुष्कळ झाल्या होत्या.

आवाज रोज दिवेलागणीला सुरू व्हायचा आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालायचा. आई होडी चालवायची, त्यामुळे तिला दिवसा दुरुस्तीची कामं असत आणि रात्री हे. तिच्या डोळ्यांखाली दोन काळ्या होड्या नांगरल्यासारख्या दिसायला लागल्या. वैतागून तिनं बंदर कार्यालयात तक्रार केली. ही तिची चूक झाली, कारण कार्यालयानं ताबडतोब दखल घेतली.

दखल म्हणजे एका रात्री हजर झालेला यंत्रमानव. होड्यांची तपासणी करणारा. लोक त्याला तपासराव म्हणत. त्याचा एक गुडघा करकरत होता आणि बोलता बोलता तो मध्येच थांबून जाई.

“दमलात का?” जुईलीनं विचारलं.

“मी दमत नाही,” तपासराव म्हणाला. “माझी बॅटरी नऊ टक्के आहे आणि अजून बरीच बंदरं बाकी आहेत. तुम्ही माणसं याला काय म्हणता ते मला माहीत नाही.”

“दमणंच म्हणतो,” आई म्हणाली.

त्यानं मोटर पाहिली. बंद होती. पाणी उपसायचा पंप पाहिला. बंद होता. तळाला भेग नव्हती, एकही बोल्ट सैल नव्हता. मग त्यानं निर्णय सांगितला. “आवाज आहे, कारण सापडत नाही. कारण न सापडलेला आवाज म्हणजे धोका. उद्या सकाळपर्यंत कारण कळलं नाही, तर ही होडी भंगारात जाईल.”

“अरे बाबा, नारली पुनवेला दर्या उघडंल,” आजा म्हणाला. “आमी काय फळकुटावर बसून मासे धरू?”

“तो प्रश्न माझ्या विभागात येत नाही.”

 आई दोराच्या वेटोळ्यावर बसली आणि बसूनच राहिली. सोनसाखळी गेली तर घरही गेलं आणि कामही, हे जुईलीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती उठून धक्क्यावर गेली. तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. परत होडीत आली, मासे ठेवायच्या खालच्या खणात उतरली. गुर्रर्र! कानठळ्या बसाव्यात असा. म्हणजे आवाज होडीत आहे. पण फक्त आपल्याच होडीत? ती उडी मारून शेजारच्या सुयशकाकाच्या होडीत गेली. तिथल्या खणातही तेच. पलीकडच्या होडीतही तेच.

“तपासराव!” ती धावत आली. “सगळ्याच होड्यांत आवाज आहे! म्हणजे आमच्या होडीचा दोष नाही!”

तपासरावानं क्षणभर विचार केला. “बरोबर. म्हणजे सगळ्याच होड्या धोकादायक आहेत. सगळ्या भंगारात जातील. माहितीबद्दल आभार.”

पाच मिनिटांत धक्क्यावर गाव गोळा झालं. “काय गो जुईले,” सुयशकाका जांभई देत ओरडला, “तुझी एक बुडत होती, ती पुरेना झाली काय? आमची पण नेलीस सोबतीला!” एक म्हातारी म्हणाली, बुडालेला ट्रॉलर रडतोय. कुणी म्हणालं, शत्रूची पाणबुडी आहे. पाणबुडी करंजवडीला कशाला येईल, याला कुणाकडे उत्तर नव्हतं, पण त्यामुळे कुणाचं मत बदललं नाही.

जुईलीला रडू येत होतं. पण चुकीचं उत्तर मिळालं म्हणजे प्रश्न अर्धवट विचारलेला असतो, हेही तिला जाणवत होतं. होड्यांमध्ये आवाज आहे. होड्या नसतील तिथे?

“आजा, होडकं काढ.”

“आता? या येलेला?”

“आता.”

आजा कुरकुरत उठला. लहान होडक्यात तो, जुईली आणि करकरत्या गुडघ्याचा तपासराव असे तिघं बसले आणि बांधलेल्या होड्यांपासून दूर, खाडीच्या तोंडाशी गेले. खण नसलेल्या त्या उघड्या होडक्यात नुसती शांतता होती. जुईलीनं वल्ह्याचं पातं पाण्यात उभं धरलं आणि दांडा कानाशी टेकवला. लाकडातून आवाज चढत आला. गुर्रर्र, टक-टक-टक. होडीतल्यापेक्षा मोठा, आणि एक नाही, शेकडो. जणू पाण्याखाली बाजार भरला होता.

“आवाज होड्यांचा नाहीच,” ती म्हणाली. “पाण्याचा आहे.”

“मग खाडी धोकादायक आहे,” तपासराव म्हणाला. पण त्यानं ते जरा हळू म्हटलं.

“पण मग धक्क्यावर का ऐकू येत नाही?”

हा प्रश्न तपासरावाच्या आवडीचा निघाला. “ध्वनी म्हणजे कंप (थरथर),” तो म्हणाला. “पाण्यातला कंप वर येतो, तेव्हा पृष्ठभागाला (पाण्याच्या वरच्या थराला) आपटून भिंतीवरच्या चेंडूसारखा माघारी जातो. हजारातला एखादा हिस्सा हवेत निसटतो. म्हणून धक्क्यावर शांतता. पण होडीचा तळ पाण्याला चिकटलेला असतो. पाणी थरथरलं की तळ थरथरतो, आणि आत पोकळ खण. होडी म्हणजे पालथा घातलेला तबला आहे. वाजवणारा खाली बसला आहे.”

“हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“विचारलं नाही.”

जुईलीनं एक मोठा श्वास घेतला. वाजवणारा कोण, हे शोधायचं होतं. तिनं वल्हं उचललं आणि पाण्यावर जोरात फाडकन आपटलं. मग पुन्हा दांडा कानाशी. चिडीचूप. तिनं तपासरावालाही दांडा ऐकायला दिला. बराच वेळ काही नाही. मग लांबून एक चाचपडणारं टक. मग दुसरं. मग पुन्हा सगळा बाजार.

“घाबरला,” जुईली म्हणाली. “सैल बोल्ट घाबरतो का?”

“बोल्ट घाबरल्याची नोंद नाही,” तपासराव म्हणाला. “भेगसुद्धा घाबरत नाही. म्हणजे हे सजीव आहे.”

“मासे?” जुईलीनं आजाकडे पाहिलं.

“मासं काय बोलतात व्हय?” आजा म्हणाला. “मी जलमभर धरली. एक शबूद ऐकला नाय.”

“तुझी मोटर चालू असायची, आजा. आणि पावसाळ्यात तुम्ही होड्या पुळणीवर ओढायचात. या महिन्यांत पाण्यावर कोण होतं ऐकायला?”

आजानं वाकून पाण्यात पाहिलं.

“माशाच्या पोटात वाजण्यासारखं काय असतं?” तिनं विचारलं.

“वाजन्यासारखा काय नाय. घोळ माशाला भोत असतो, फुग्यासारखा. लय म्हाग जातो.”

“भोत माशाला कशाला लागतो?”

“इकायला,” आजा म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते बरोबर वाटेना. “म्हंजे आमाला इकायला. त्याला कशाला, ते कंदी कोन इचारतंय?”

“मत्स्य विभागाची माहिती माझ्याकडे आहे,” तपासराव म्हणाला. “मी होडी विभागाचा असल्यामुळे ती उघडलेली नाही. उघडू का?”

“उघडा!” दोघंही ओरडले.

“भोत म्हणजे वाताशय (माशाच्या पोटातली हवेची पिशवी). तिच्यामुळे मासा पाण्यात हवा तितक्या खोलीवर तरंगतो. घोळ आणि त्याच्या भाऊबंदांत या पिशवीलगत खास स्नायू असतात. ते वेगानं आवळले-सोडले, की पिशवी ढोलासारखी वाजते. अंडी घालण्याच्या दिवसांत नर अंधार पडला की एकत्र जमून वाजवतात. माद्यांना बोलावतात. याला माशांचं समूहगान म्हणतात.” तो थांबला. “गान हा शब्द मत्स्य विभागाचा आहे. माझा नाही.”

आजा वल्हं मांडीवर घेऊन बसून राहिला. “घोळ,” तो म्हणाला. “मना वाटला संपली. जाळ्यात याची बंदच झाली हुती.” त्यानं दांडा कानाला लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

ते धक्क्याला परतले तेव्हा गाव अजून तिथंच पेंगत होतं. तपासराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “कारण सापडलं. होड्या निर्दोष आहेत. आवाज मासे करतात. एकही होडी भंगारात जाणार नाही.”

आई जुईलीकडे बघत राहिली, मग तिनं तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. सुयशकाकाचे डोळे मात्र एकदम उघडले. “घोळ? एवढी? कनच्या जागी?”

“नोंदीसाठी मलाही जागा लागेल,” तपासराव म्हणाला. “नेमकी कुठे?”

जुईलीनं आजाकडे पाहिलं. ही जागा कळली, तर बंदी असो नसो, उद्या रात्रीच तिथे जाळी पडणार आणि माद्या यायच्या आत बाजार उठणार. आजाला ते तिच्याहून चांगलं कळत होतं. जाळी टाकणाऱ्यांतला तोही एक होताच.

“लिव,” आजा म्हणाला. “खाडीत.”

“खाडी फार मोठी आहे.”

“म्हून तर.”

 तपासरावाचे दिवे मंद झाले होते. “माझी बॅटरी दोन टक्के आहे,” तो अखेरीस म्हणाला. “एवढ्यात जागेचा तपशील मावणार नाही. खाडीत, असं लिहितो.”

त्यानं होडीच्या बॅटरीला स्वतःची वायर जोडली आणि तो तिथंच, करकरता गुडघा पसरून बंद झाला. सुयशकाका काहीतरी पुटपुटत झोपायला गेला. गावही गेलं.

सोनसाखळीत तिघं आडवे झाले. खालून गुर्रर्र, टक-टक-टक. आईनं आवाज बंद करायचं काही साधन नाही का, असं विचारलं. जुईलीनं सांगितलं, आहे, पाण्यावर वल्हं आपटायचं.

“नको,” आई म्हणाली. “बोलवू दे त्यांना.”

आणि ती झोपली. थोड्या वेळानं आजा खरोखर घोरायला लागला. जुईली मात्र कान तळाच्या फळीला लावून पडून होती. इतक्या हाका जाताहेत, त्यांतल्या काहींना तरी उत्तर मिळेल, मग काही वर्षांनी पाण्याखालचा हा बाजार दुप्पट भरेल आणि करंजवडीत कुणालाच झोप लागणार नाही. या विचारानं तिला फार बरं वाटलं.