राखीव पत्ता

मेहुण्याचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं, हे आधीच सांगून टाकतो. जुने कॉम्प्युटर पुन्हा चालते करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही शेजारी बसायचो. घरी बायको म्हणायची, "अहो, शिका जरा माझ्या भावाकडून!" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

या वेळी एक डिस्प्ले कार्ड अडलं होतं. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. कार्डातल्या कुठल्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला की स्क्रीन उजळेल, ही माहिती कुठेच मिळेना. साहेबांनी सांगूनच ठेवलं होतं, स्क्रीन उजळवेल तो विभागप्रमुख. मी इंटरनेट पालथं घातलं. आणि सोमवारी या मेहुण्याकडे अख्खी फाइल हजर!

"कुठे मिळाली रे?"

"कार्डालाच विचारलं, भाओजी."

"थट्टा करतोस माझी?"

तो हसला नाही. "तुम्ही नका विचारू," एवढंच म्हणाला आणि जेवायला गेला.

मी त्याच्या खुर्चीत बसलो. फाइल उघडीच होती. अशा माहितीत काही पत्त्यांपुढे नुसतं 'राखीव' लिहिलेलं असतं, म्हणजे तिथे हात लावायचा नाही. का, ते कुणी सांगत नाही. याच्या फाइलमध्ये मात्र राखीव पत्त्यांपुढेही सगळं भरलेलं होतं. एकापुढे होतं: 'भाओजी. लिहिता येतं, वाचता येत नाही.'

असे एकतर्फी पत्ते असतात. आपण आकडा पाठवायचा, तिकडून उत्तर येत नाही. पण माझी अशी टिंगल? डोकंच सणकलं. स्क्रीनचे आकडे भराभर कार्डात लिहिले आणि रागाच्या भरात त्या 'भाओजी' पत्त्यावरही शून्य ठोकलं.

कॉम्प्युटरचा पंखा जरासा अडखळला. मग स्क्रीन लख्ख उजळली.

"साहेब, झालं! मी केलं!"

साहेब आले ते स्क्रीनचा उजेड बघून. दारातून येणाऱ्या मेहुण्याच्या पाठीवर त्यांनी थाप मारली.

"शाब्बास! विभाग तुझा."

"अहो, मी केलं! मी!" घसा फुटेस्तोवर ओरडलो. साहेबांची नजर माझ्यातून आरपार गेली. भीती नंतर वाटली. आधी त्या थापेनंच आग झाली.

साहेब गेले. मेहुण्याने फाइलकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"भाओजी," तो हळूच म्हणाला, "ऐकू येत असेल तुम्हाला. ताईला काय सांगू?"

मी सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं.

त्याने थोडी वाट पाहिली.

मग मी अजून बसलो होतो त्याच खुर्चीत तो बसला. मला त्याचं वजनसुद्धा जाणवलं नाही.