दोरा ओवलेली सुई

धुकं इतकं दाट होतं, की कालव्यापलीकडची घरं दिसत नव्हती. झानेत्ता विणकामाची उशी छातीशी धरून रेजिनाच्या घराकडे निघाली. उशीवर तिच्या ताईच्या, एल्विराच्या, लग्नातल्या ओढणीची लेस टाचलेली होती. बुरानो बेटावर एका बाईला एकच टाका येतो. लेस घरोघर फिरत पूर्ण होते. फुलांमधली जाळी विणणारी रेजिना आठवड्यापूर्वी वारली आणि शेवटच्या फुलाभोवतीची जागा उघडीच राहिली. लग्न रविवारी होतं. सोमवारी नवरदेवाचं जहाज सुटणार होतं.

दुसऱ्या बाईनं हात लावण्याआधी ते अपुरं काम मेलेलीच्या खुर्चीवर घटकाभर ठेवायचं, असा रिवाज. "सुई रिकामी ठेव हं," मार्कोलिनामावशीनं बजावलं होतं. "दोरा ओवलेली सुई म्हणजे कामाला बोलावणं."

रेजिनाची बहीण ओर्सोला चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटत होती.

"आलीस? तोंडात जीभ आहे की नाही गं तुला? जा, ठेव आत."

झानेत्ता नुसती हसली. उशी खुर्चीवर ठेवून ती चुलीपाशी येऊन बसली आणि मग तिला आठवलं. सुईत दोरा तसाच होता.

सांगावं का? तोंड उघडेना.

आतून आवाज आला. सर्र... जरा थांबून पुन्हा सर्र...

ओर्सोलाचा हात थांबला. "आत कोण आहे गं?"

"कुणी नाही..."

"मग गप्प बस."

पोलेंटा तळाला करपला, तरी दोघी हलल्या नाहीत. आवाज थांबल्यावर झानेत्ता आत गेली. खोली रिकामी होती. जाळी पूर्ण झाली होती.

घरी तिनं अडखळत सगळं सांगितलं. लेसखालच्या दोन कापडांमधले टाके मार्कोलिनामावशीनं कात्रीनं कापले, तशी लेस अलगद सुटली. एल्विरानं ती लगेच उचलली आणि आरशासमोर डोक्यावर घेतली.

"बघ, रेजिनामावशीनं माझी लाज राखली!"

गावातल्या प्रत्येकीची जाळी मावशी अक्षरासारखी ओळखायची.

"ही रेजिनाची नाही," ती झानेत्ताच्या कानाशी पुटपुटली.

"मग कुणाची?"

"असा हात... मी कधीच पाहिला नाही."

"मावशी, मागून ओढू नकोस ना," एल्विरा आरशात बघत हसली. "किती घट्ट बसवतेस!"

मावशीचे दोन्ही हात टेबलावर होते.