फळी रिकामी, घर रिकामं

हसा, हसा. पण आधी ते दार नीट ओढून घे रे सॅन्डर, बर्फ आत येतोय. आणि चुलीत एक ओंडका सार.

मघाशी काय म्हणत होतास? उद्या हॉटेलात खोली एकट्याच्या नावाने घ्यायची आणि तुवाला मागच्या दाराने गुपचूप वर न्यायचं. जादा माणसाचे पैसे वाचतात. नातू माझाच, पण ही हुशारी कुठून आली देव जाणे. तिला विचारलंस का, मागच्या दाराने यायचंय का म्हणून? आणि तू गं, तुवा, तूही हसतेस. बरं.

हॉटेलवाले रात्रीच्या पाहुण्याचं नाव का विचारतात, ठाऊक आहे? तुम्हाला वाटतं पैशासाठी. पैसे तर घेतातच मेले. पण खरं कारण वेगळं आहे. माझ्या ओळखीतल्या एका माणसाच्या बाबतीत घडलेलं सांगतो. पटलं तर पटलं, नाहीतर कॉफी संपवा आणि झोपा.

हाल्वोर त्याचं नाव. गरम पाण्याचे बॉयलर दुरुस्त करायचा. खाडीच्या दोन्ही काठांवर असं घर नसेल जिथला बॉयलर त्याने उघडला नाही. शाळेपासून माझ्या बाकावरचा. आमच्या घरी तो पाहुणा नव्हताच कधी. माझी आई त्याला न विचारता वाढायची.

तर गेल्या वर्षी, फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागलेली, सगळी हॉटेलं भरलेली. खाडीच्या टोकाचं ते काचेचं हॉटेल माहितीय ना? तिथला बॉयलर संध्याकाळी बसला. दिवसभर स्की करून आलेली माणसं, आणि नळाला बर्फाचं पाणी. हाल्वोरने काम कधीच सोडलं होतं, पण भर हंगामात शनिवारी संध्याकाळी तरणा मिस्त्री मिळतो कुठे? त्यालाच फोन गेला. आधी नाही म्हणाला. त्या जागी तो पन्नासेक वर्षांत फिरकला नव्हता. मग गेला. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं त्याला, म्हणून गेला असेल.

त्या जागी असं म्हणालो, कारण हॉटेल नवं असलं तरी खालचा दगडी पाया जुना आहे. आधी तिथे लाकडी हॉटेल होतं, बोर्गहिल्ड नावाच्या बाईचं. तोंडाने फटकळ, पण मनाची स्वच्छ. तिचा नियम एकच. आत आलं की बूट काढायचे आणि दाराजवळच्या फळीवर ठेवायचे. ते तर आपण सगळीकडेच करतो, पण ती रात्री दार लावताना फळीवरचे बूट मोजायची. कुणाला रात्रीपुरतं वर आणायचं असलं तर म्हणायची, "खुशाल आण. कोण कुणाजवळ झोपतं ते पाद्रीबुवांनी बघावं. मला नाव सांग आणि बूट फळीवर ठेव. आग लागली तर मी काय उशा मोजत बसू?"

लाकडाचं घर ते, ठिणगी पडायचा अवकाश. आणि कितीही घाई झाली तरी बर्फात अनवाणी कुणी जात नाही, बूट उचलूनच पळतो. म्हणून तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "फळी रिकामी, घर रिकामं."

आता ज्यांना लपूनच जायचं असायचं, ते काय करायचे? बूट हातात घ्यायचे आणि मोज्यांवर मागच्या जिन्याने वर. तुझ्यासारखे हुशार तेव्हाही होते, सॅन्डर.

एका हिवाळ्यात ते हॉटेल रात्रीतून पेटलं. माणसं अंगणात आली. बोर्गहिल्डने फळी बघितली, रिकामी. तरी तिने एकेकाला विचारलं, तुझ्या खोलीत आणखी कुणी होतं का? सगळे नाही म्हणाले. बंबावरची पोरं आमच्याच गावची, आत शिरायला तयार होती. पण रिकाम्या घरात जीव घालायला कुणाला पाठवायचं? सकाळी मागच्या जिन्याच्या पायथ्याशी एक मुलगी सापडली. ज्वाळा तिथवर आल्याच नव्हत्या, धुराने गेली होती. बूट छातीशी धरलेले.

ती कुणाबरोबर आली होती ते कुणीच सांगितलं नाही. मग काय, गावाला विषयच मिळाला. कुणी म्हणे परदेशी स्कीवाला होता, कुणी म्हणे एक नव्हता, दोन होते. त्या मुलीच्या आईने परत कधी गावातल्या दुकानाची पायरी चढली नाही. साखर संपली तर बिनसाखरेची कॉफी प्यायची.

असो. हाल्वोरकडे येऊ.

बॉयलर चालू होईपर्यंत शेवटची फेरीबोट सुटली होती. काउंटरवर मारेन नावाची मुलगी होती. ती म्हणाली, "काका, एक खोली शिल्लक आहे, राहा आता इथेच. एकटेच ना? रात्री कुणी येणार असेल तर नाव तेवढं सांगून ठेवा. पैसे नका देऊ हवं तर, पण नाव लागतं."

"या वयात माझ्याकडे कोण येतंय बाई," हाल्वोर म्हणाला. ती हसली. त्याने बूट फळीवर ठेवले आणि मोज्यांवर वर गेला. फळी नव्या हॉटेलातही आहे बरं का, आणि दाराशी तीच जागा.

रात्री अडीचच्या सुमारास त्याला जाग आली. बाहेरच्या बोळात कुणीतरी चालत होतं. मोज्यांवर. तो आवाज तो किती, पण ऐकू येत होता. चार पावलं पुढे. थांबायचं. परत मागे. काहीतरी शोधावं तसं.

मग त्याच्या दाराशी थांबलं. दार वाजलं नाही. नुसता श्वास...

बाईचा आवाज. दबका. शेजारच्या खोलीत जाऊ नये असा.

"हात भरून आले रे."

"बूट खाली ठेवू का आता?"

याने पांघरूण तोंडात धरलं.

"मागचा जिना सापडत नाहीये..."

त्या हॉटेलला मागचा जिना नाहीच.

पावलं निघाली. खाली गेली, पुढच्या जिन्याने. थोड्या वेळाने परत वर आली. आणि आगीची घंटा वाजली.

दारं उघडली, पोरं रडायला लागली, सगळे खाली धावले, बूट उचलून अंगणात. लख्ख चांदणं होतं. मारेनने डोकी मोजली. सगळे होते. "झालं, सगळे आहेत," म्हणाली आणि मागे वळली. फळीवर बुटांचा एक जोड होता.

बाईचे बूट. ओले.

"हे कुणाचे?" कुणाचेच नव्हते. "म्हणजे एक बाई आत आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाजच बदलला. बंब आला होता. विशीतला एक पोरगा तोंडाला मुखवटा चढवत होता. ती एकेकाला विचारत सुटली. तुमच्याबरोबर कुणी? तुमच्या खोलीत? शेवटी हाल्वोरपाशी आली.

"काका, खरं सांगा. तुमच्याबरोबर कुणी आहे का वर? मी कुणापाशी बोलणार नाही. फक्त कुठली खोली ते सांगा."

तो वर बघत होता. आपल्या खिडकीकडे. दिवा बंद. काचेशी कुणीतरी उभं होतं. हात आता रिकामे. दोन्ही तळवे काचेवर...

हाल्वोर म्हणाला, "एकटाच आहे मी."

बंबवाल्यांनी सगळ्या खोल्या बघितल्या. आग नव्हती, कुणी माणूस नव्हतं. घंटा कशाने वाजली ते समजलं नाही. सकाळी ते बूटही फळीवर नव्हते.

मला कसं कळलं विचारतोस? तो पहिल्या फेरीबोटीने, गाडीसकट, थेट माझ्याकडे आला. अजून उजाडलं नव्हतं. पडवीत बूट काढले आणि स्वयंपाकघरात येऊन बसला. समोरच्या कॉफीला हात लावला नाही. सगळं सांगितलं, आता मी तुम्हाला सांगतोय तसंच. मी आधी चेष्टा केली. म्हणालो, म्हातारपणी बायका दिसायला लागल्या का तुला? तोही जरा हसला. मग मी आपलं सहज विचारलं, बूट कसले होते रे?

"तपकिरी. आतून लोकर. एकाची नाडी तुटली असावी, तिच्या जागी लाल लोकर ओवली होती. वेणी घालून."

मी कप खाली ठेवला.

ती वेणी मी घातली होती. त्या संध्याकाळी तिला घाई होती, ओढताना नाडी तुटली, दारातच पाय आपटायला लागली. मी आईच्या विणकामातली लाल लोकर तोडून घेतली आणि ओवून दिली. "कुठे चाललीस एवढी नटून?" म्हणून चिडवलं. ती म्हणाली, "कळेल तुला लवकरच. तुला आवडेल."

ती भिंतीवरच्या फोटोतली, सुन्निवा. माझी धाकटी बहीण. तुम्हाला आम्ही न्यूमोनियाने गेली असं सांगितलं. तुमच्या पणजीने मरेपर्यंत तेच सांगायला लावलं. आणि ते बूट मी स्वतःच्या हाताने तिच्याबरोबर पेटीत ठेवले होते. ती पेटी खांद्यावर घेणाऱ्यांत पुढे कोण होतं सांगू? हाल्वोर.

आगीच्या रात्री तो तिथे होता हे आम्हाला ठाऊकच होतं. हॉटेलच्या कामावर होता, रात्री तिथेच झोपायचा, वाचलेल्यांपैकी एक. माझी आई त्याला दरवेळी विचारायची, "तू होतास ना रे तिथे, तुला कुणी दिसलं नाही तिच्याबरोबर?" आणि हा समोरचे बटाटे खाता खाता म्हणायचा, "नाही हो मावशी." इतकी वर्षं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे ऐकले होते, हा तर त्याच घरात बसून आम्हाला धीर द्यायचा.

मी विचारलं, "मागच्या जिन्याने ये असं तिला कोणी सांगितलं होतं, हाल्वोर?"

त्याने कप बाजूला सारला. चुलीत लाकूड तडकलं.

मग म्हणाला, "माझा साखरपुडा झाला होता, टोर्लेव."

लाकूड गिरणीवाल्याच्या मुलीशी. होता खरा. हा पुढच्या दाराने बाहेर आला, चारचौघांसारखा, आणि तिला पाठवलं मागून. धुरात. लोक बघतील म्हणून. अंगणात बोर्गहिल्डने विचारलं तेव्हा याला वाटलं असेल, येईलच ती मागून. बरं, वाटलं. मग ती आली नाही तेव्हा? बंबावरची पोरं समोर उभी होती. एक शब्द पुरला असता. शत्रूने मारलं असतं तर मी समजलो असतो. याने केसाने गळा कापला आमचा.

आणि या खेपेला तर तिने सगळं नियमाने केलं होतं रे. बूट फळीवर ठेवले होते, मोजले जावेत म्हणून. तरी हा म्हणाला, एकटाच आहे.

फोन काढलास का सॅन्डर? लाव हॉटेलला. दोघांची नावं सांग. मी थांबतो.

...

हं. झालं? बरं केलंस.

मी त्याच्यावर हात उचलला नाही. मनात फार आलं. मी म्हणालो, "एक वाक्य म्हण. ती माझ्याबरोबर होती, एवढंच. आई नाही आता ऐकायला. मी ऐकतो." त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, म्हणेल. खरंच वाटलं.

"आता काय उपयोग त्याचा," म्हणाला, आणि उठला.

पडवीत फळीवर माझे बूट होते. तुझ्या आजीचे होते. त्याचे नव्हते. त्याने खाली वाकून बघितलं, बाकाखाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी माझे देऊ केले नाहीत. तो तसाच निघाला, मोज्यांवर, बर्फातून. गाडीत बसला. गेला.

मी दिवा घेऊन दारात उभा होतो. तो आत बसला होता तेवढ्यात ताजा बर्फ पडला होता. आत येतानाची त्याची पावलं त्याखाली बुजून गेली होती, अंगण कोरं होतं. त्यात जातानाचे त्याचे ठसे. मोज्यांचे, ओबडधोबड.

शेजारी दुसरे.

लहान. बुटांचे. फळीपासूनच निघालेले. माझ्या दाराकडे वळलेला एकही नव्हता. त्याच्या पावलाला पाऊल लावून गेले होते गाडीपर्यंत. मग गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी... आणि तिथे संपले होते.