धूसर दिसणारा कॅमेरा

"मला वेड लागलंय की नाही, तेवढंच सांगा," असं म्हणून म्हाताऱ्या गृहस्थांनी कॅमेरा टेबलावर ठेवला.

काकांनी लगेच हात पुढे केला. काकूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि हात मागे आला.

दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी होती आणि ती काकूंची होती. निवृत्तीनंतर काका बायकोचे मदतनीस झाले होते, निदान त्यांची तशी समजूत होती. काकूंच्या मते ते घरात पायात पायात येऊ नयेत म्हणून केलेली ती सोय होती.

पाहुणे शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे लोक अजून त्यांना मास्तरच म्हणत.

"बायको आजारी पडली तेव्हा लेकीने हा कॅमेरा पाठवून दिला," मास्तर म्हणाले. "म्हणाली, बाबा, आईजवळ नुसतं बसून काय कराल, शिका काहीतरी. फोनवरून शिकवलं. हे बटण दाबा, ते नका दाबू."

"उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणा की," काका म्हणाले.

"पण शिकलो. रोज हिचा एक फोटो काढायचो, खिडकीतल्या खुर्चीत बसवून. उजेड चांगला असतो तिथे." हे सांगताना मास्तर जमिनीकडे बघत होते. "ती गेली. फोटो यातच राहिले. कॅमेरा माझ्या हातून पडून मागचा पडदा काळा झालाय, पण काढलेले फोटो या भोकातही दिसतात, म्हणून त्यालाच डोळा लावून रोज संध्याकाळी बघत बसायचो. लेक पुढच्या खेपेला सगळे कॉम्प्युटरवर घालून देणार होती. ही असेपर्यंत ती खेप काही झाली नाही."

"आणि आता फोटो गेले," काकू म्हणाल्या.

"मुलाने कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. मांजराचे आहेत, कुंडीतल्या फुलांचे आहेत. हिचा एकही नाही. वर त्या दिवसापासून या भोकातून सगळं धूसर दिसतंय. मुलगा म्हणतो, बाबा, तुमचे डोळेही गेले. अहो, मोतीबिंदू काढल्यापासून मला गेटवरची चिमणी दिसते!"

त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा सरळ केला.

"गॅस माझ्या हातून दोनदा चालू राहिला, ते खरं आहे. त्यात हे. मुलाने वृद्धाश्रमात जागा बघितलीय, सोमवारी गाडी येईल. मी पुसले असतील तर मुकाट गाडीत बसतो. बायकोला पुसून टाकणाऱ्याला घरात ठेवा म्हणायला तोंड कुठलं? पण मी नसतील पुसले तर..."

काकूंनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग आपला जाड भिंगांचा चष्मा काढला आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. चष्म्यावर वाफ धरली असावी, असं काकांना वाटलं.

"राहू दे इथे. उद्या तुमच्या घरी येते," काकू म्हणाल्या. "अहो, मी बाजारात जाऊन येते. तोवर याला हात लावू नका."

आता 'हात लावू नका' हे वाक्य काकांनी लग्नापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याचा अर्थच उरला नव्हता. शिवाय पुतण्याच्या लग्नात त्यांनी कॅमेरा चालवला होता. निम्म्या फोटोंत त्यांचा अंगठा आला ही गोष्ट वेगळी. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेल्या काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. खरंच सगळं धूसर! 'भिंगच गेलंय,' त्यांनी निकाल दिला. तरी खात्री करावी म्हणून कुंडीचा फोटो काढला. दोन-तीन बटणं दाबून पाहिली. एक लाल होतं, त्याने काहीच झालं नाही. मग कॅमेरा सोफ्यावर ठेवून ते गुणगुणत पेपर वाचत बसले.

काकू आल्या तेव्हा काकांनी उत्साहाने कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं.

"अगं, हे बघ! भोकातून धूसर दिसतं आणि फोटो तर लख्ख आलाय. पानांवरची धूळसुद्धा दिसतेय!"

"हे मात्र कामाचं शोधलंत," काकू म्हणाल्या. मग खाली बोट दाखवलं. "आणि हे काय?"

ती चित्रफीत होती. सोफ्याचं कव्हर, अगदी नाकाला लागेल इतकं जवळून, आणि मागे काकांचं गुणगुणणं. कार्ड जुनं आणि छोटं होतं. ते गच्च भरेपर्यंत सोफ्याचं चित्रीकरण चालू राहिलं होतं.

काका पोट धरून हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी कार्ड पाकिटात घातलं आणि तशाच कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेल्या. परत आल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. राग चहाबरोबर उतरेल, असं काकांनी धरून चाललं.

*

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी आधी मुलगा भेटला. छातीवर दोरीने लोंबणारा चष्मा, कपाळावर कायमची आठी. काकूंनी दिलेलं व्हिजिटिंग कार्ड त्याने हात लांब करून वाचायचा प्रयत्न केला, मग वैतागून चष्मा चढवला.

"मला दुष्ट ठरवू नका," तो म्हणाला. "गॅस चालू राहिला तेव्हा घर उडालं असतं. मी दिवसभर दुकानात, ही एकटी घरात. काय करायचं मी?"

"आई खिडकीत बसायच्या?" काकूंनी विचारलं.

"शेवटचे महिने खिडकी सोडत नव्हती. का, ते मला नका विचारू. मी तर इथेच राहतो. माझी वाट कोण बघणार?"

काकांना वाटलं, हाच तो. आईवरचा राग बाहेर पडतोय बघा. त्यांनी काकूंना डोळ्याने खूण केली. काकूंनी ती पाहिली नाही.

सून दिवाणावर शर्टाचं बटण लावत बसली होती. बोलता बोलता तिने एका दमात सुईत दोरा ओवला आणि खिडकीतून बघत 'गेटची कडी उघडीच राहिलीय' असं पुटपुटली.

"फोटो गेले तेव्हा घरी कोण होतं?" काकूंनी विचारलं.

"आम्ही आणि ताई, म्हणजे माझी नणंद. आई गेल्यावर पहिल्यांदाच आठवडाभर राहायला आल्या आणि नेमके डोळे आले त्यांचे. लालभडक! नुसत्या चाचपडत होत्या बिचाऱ्या. माझ्या चहात साखर म्हणून मीठ घातलं. आदल्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, उद्या सगळे नातेवाईक येतायत, त्यांना आईचे फोटो दाखवतो. ताई म्हणाल्या, माझे डोळे बरे होऊ देत आधी. आणि दुसऱ्या दिवशी हे."

मास्तरांची लेक आजच पुन्हा आली होती, वडिलांना निरोप द्यायला. टपोऱ्या डोळ्यांची, गोड बोलणारी. मास्तरांचा हात हातात घेऊनच ती बसली होती.

"मीच बटणन् बटण शिकवलं हो त्यांना," ती म्हणाली. "आईच्या आजारपणात तर सारखी येत होते मी. पण वय कुणाला चुकलंय?"

"त्या दिवशी तुम्ही काही पाहिलं?"

"मागच्या दोरीवरचे कपडे काढत होते मी. बाबा व्हरांड्याच्या टोकाला खुर्चीत बसले होते. खालचं छोटं बटण सारखं दाबत होते, कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं ना, ते. मी तिथूनच ओरडले, बाबा, ते नको! पण तोवर..." तिचे डोळे भरले. "त्यांना कुणी काही बोलू नका. मुद्दाम केलं नाही त्यांनी."

काकांनाही गलबलून आलं. अशी लेक नशिबाने मिळते, असं ते मनात म्हणाले.

हात धुवायला काकू आत गेल्या, मागोमाग काकाही. बेसिनवर दोन झाकणांची एक चपटी डबी होती. काकांनी एक झाकण उघडलं, तर आत पाणी. 'काहीतरी औषध असेल,' त्यांनी ठरवलं. बाहेरच्या भिंतीवर जुना फोटो होता. एक तरुण बाई, तिच्या कडेवर गुटगुटीत मुलगा आणि शेजारी जाड चष्मा लावलेली वेणीवाली मुलगी.

"ही कोण?" काकांनी विचारलं.

"ताई, लहानपणी," सून म्हणाली.

*

काकूंनी सगळ्यांना खिडकीच्या खोलीत बसवलं. खुर्ची तिथेच होती. तिच्यावर कुणी बसलं नाही.

"मास्तर, तुम्हाला वेड लागलेलं नाही," काकू म्हणाल्या. "फोटो तुम्ही पुसलेले नाहीत."

मास्तरांनी डोळे मिटले.

"चुकून बटण दाबलं तर एखादा फोटो जातो, नाहीतर सगळे जातात. इथे मांजर राहिलं, फुलं राहिली आणि त्यांच्या अधलीमधली बाई तेवढी गेली. तांदळातले खडे निवडावेत तसे कुणीतरी ते फोटो एकेक बघून काढले. बघायचे कसे? पडदा काळा आहे, म्हणजे या भोकालाच डोळा लावायला हवा."

"पण भोकातून तर धूसर दिसतं," मुलगा म्हणाला.

"तुम्हाला दिसतं. मला काल चष्मा काढल्यावर लख्ख दिसलं. भोकाच्या कडेला हे बारीक चाक आहे ना, त्याचा फोटोशी संबंध नसतो. ते बघणाऱ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं असतं. भोक धूसर आणि फोटो स्वच्छ, म्हणजे कॅमेरा ठीक आहे, चाक कुणीतरी आपल्या डोळ्याला लावून घेतलंय. ज्याला माझ्यासारखंच लांबचं दिसत नाही आणि जो त्या वेळी चष्म्याशिवाय होता, अशा कुणीतरी."

काकूंनी एकेकाकडे पाहिलं.

"मास्तरांना गेटवरची चिमणी दिसते. यांना जवळचं वाचायला चष्मा लागतो, यांनी चाक उलट्या बाजूला फिरवलं असतं. सूनबाई बोलता बोलता सुई ओवतात, गेटची कडीही त्यांना आत बसून दिसते. त्यांना चाकाला हात लावायचं कारणच नाही."

"मला तर चष्माच नाही," लेक पटकन म्हणाली.

"आता नाही. लहानपणी होता, भिंतीवर दिसतोय. आता डोळ्यांत लेन्स आहेत, त्यांची डबी बेसिनवर आहे. पण डोळे आले की लेन्स घालता येत नाहीत. तुम्ही त्या आठवड्यात चाचपडत होता. ज्या बाईला हातातलं मीठ साखरेसारखं दिसलं, तिला मागच्या दोरीपासून व्हरांड्याच्या टोकाच्या बटणावरचं चित्र कसं दिसलं?"

मग मास्तरच बोलले, अगदी हळू.

"उजेडासाठी नाही बसायची ती इथे. इथून गेट दिसतं. म्हणायची, रोज एक काढा. लेक आली की दाखवू तिला, आई कशी वाट बघत बसली होती. हसत म्हणायची. रोज केस विंचरून बसायची."

"प्रत्येक फोटोत केस विंचरलेले," लेक म्हणाली. तिचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता. "एकेक बघत गेले. प्रत्येक फोटोत ती गेटकडे बघतेय आणि एकातही मी नाही. मी सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले होते, सारखी जात होते म्हणून. बाबा ते सगळ्यांना दाखवणार होते."

"आणि बाबा वेडे ठरत होते तेव्हा गप्प बसलीस?" भाऊ म्हणाला.

"जागा तर तू शोधलीस!"

त्याची मान खाली गेली. त्याने खिशातून फोन काढला आणि दाराशी जाऊन आश्रमाला सांगितलं, की सोमवारी गाडी पाठवू नका. मास्तरांनी ते ऐकलं आणि मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद असा काही दिसला नाही.

"काकू," ते म्हणाले, "आमच्या शाळेतला एक शिक्षक म्हणायचा, पुसलेले फोटो परत आणता येतात. खरं आहे का हो?"

"खरं आहे," काकू म्हणाल्या. "पुसलेला फोटो लगेच जात नाही. त्याच्या जागेवर नवं काही भरेपर्यंत तो तिथेच असतो. मी काल फोटोवाल्याकडे कार्ड नेलं होतं. त्याने हात टेकले. कार्डावर नंतर नवं चित्रीकरण झालंय, अगदी कार्ड भरेपर्यंत."

"कुणी केलं?" मुलाने विचारलं.

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.

काकांना आधी सोफ्याचं कव्हर आठवलं. मग आपलं गुणगुणणं, मग पोट धरून हसणं. काकू कालपासून का बोलल्या नव्हत्या, ते आता त्यांच्या डोक्यात शिरलं. आपण गप्प बसलो तर ही नाव घेणार नाही, हेही त्यांना कळलं, आणि त्यानेच त्यांना बसवेना. ते उठले.

"मी केलं," काका म्हणाले. "मला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. कॅमेरा बिघडलाय का बघत होतो. लाल बटण दाबलं. मला... मला येत नाही कॅमेरा."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी हाकलून दिलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं.

"असू दे," मास्तर म्हणाले. "शिकताना होतं असं."

लेक पुढे झाली आणि त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, माझंही चुकलं हो."

"तू शिकत नव्हतीस," मास्तर म्हणाले. "तुला सगळं येत होतं."

त्यांनी काकूंच्या हातातून कॅमेरा घेतला, पट्टा नीट गुंडाळला आणि लेकीच्या मांडीवर ठेवला.

"हा घेऊन जा. चाक तुझ्याच नंबरावर आहे. मला त्यातून काही दिसत नाही."